अडीच सेंटिमीटर

प्रमाणपत्रावर तीन सह्या आहेत. पहिली मिरजेच्या अवयवपेढीचे संचालक डॉ. अनिरुद्ध मोघे यांची, दुसरी यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीची आणि तिसरी, जिच्याखाली ‘तज्ज्ञ सदस्य’ असे छापले आहे, ती माझी. चौतीस वर्षे मी सूक्ष्मतरंगांचे शास्त्र शिकवले, त्यामुळे हे बिरूद मला शोभेल असा शासनाचा समज झाला असावा. कागदावर लिहिले आहे: ‘स्वयंचलित जुळवणी यंत्रणा चाळीसपैकी चाळीस चाचण्यांत निर्दोष आढळली.’ हे वाक्य अक्षरशः खरे आहे. माणसाचा जीव घेऊ शकेल इतके खरे वाक्य मी आयुष्यात दुसरे लिहिलेले नाही.

आता अवयवपेढ्या जिल्ह्याजिल्ह्यांत झाल्या आहेत. तरी तिथे नेमके काय चालते हे सांगणे भाग आहे. दात्याचे मूत्रपिंड संरक्षक द्रवात भिजवून उणे एकशे तीस अंशांपर्यंत इतक्या झपाट्याने थंड करतात, की त्यातल्या पाण्याला बर्फ व्हायला सवड मिळत नाही. त्याची काच होते. अशी काच वर्षानुवर्षे टिकते. अवघड आहे ते तिला पुन्हा जागे करणे. ऊब सावकाश दिली, तर वाटेत बर्फाचे स्फटिक धरतात; एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिली, तर काच तडकते. अख्खे मूत्रपिंड आतून-बाहेरून एकदम, दीड मिनिटाच्या आत तापवावे लागते. हे काम विस्तवाचे किंवा पाण्याचे नाही. ते सूक्ष्मतरंगांचे आहे.

तरंग मात्र कुठेही मुकाट्याने शिरत नाही. तारेतून येणाऱ्या तरंगाला वाटेतले प्रत्येक दार आपापला विरोध करते. या विरोधाला संरोध म्हणतात. तारेचा आणि दाराचा संरोध जुळला, तर तरंग निमूट आत जातो. जुळला नाही, तर त्याचा काही भाग उंबऱ्यावरूनच माघारी फिरतो. कोणत्या दारातून किती माघारी आले आणि किती पार गेले, याचे जे कोष्टक आम्ही मांडतो, त्याला प्रकीर्णन गुणांक असे भारदस्त नाव आहे. त्यातला प्रत्येक आकडा दोन गोष्टी सांगतो: किती परतले, आणि परतताना तरंगाची लय कितीने सरकली. पडद्यावर एक वर्तुळ असते, त्यात एक ठिपका असतो. ठिपका केंद्रात असला, तर काहीच परतत नाही. केंद्र सोडून गेला, तर तो ज्या दिशेला गेला ती दिशा पाहून दुरुस्ती करायची.

मूत्रपिंड तापू लागले की त्याचा संरोध क्षणाक्षणाला बदलतो. गोठलेली पेशी तरंगाला जवळजवळ पारदर्शक असते. वितळलेली पेशी तो गटागटा पिते. म्हणून त्या दीड मिनिटात जुळणी सतत बदलत ठेवावी लागते. मूत्रपिंड ठेवतात त्या कक्षाच्या नळीत त्यासाठी तीन पितळी दांडे असतात. ते कमी-जास्त आत सारले की जुळणी बदलते. पुस्तकात त्यांना स्टब म्हणतात. मिरजेत त्यांना खुंट्या म्हणत, कारण ते पिळणारी बाई सतारमेकरांच्या घरातली होती.

रुकय्या दस्तगीर सतारमेकर, पदविकाधारक, कंत्राटी तंत्रज्ञ. सत्तावन्न मूत्रपिंडे तिने हाताने जागी केली. एकही तडकले नाही. ही नोंद पेढीच्या कोणत्याही वार्षिक अहवालात नाही. अहवालात ‘प्रक्रिया यशस्वी’ असे असते. प्रक्रियेला हात नसतात.

मी तिला प्रथम पाहिले ते चाचणीच्या दिवशी. तो तिचा शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवसापासून खुंट्या मोटर फिरवणार होती. ती आपले सामान कारकुनाच्या यादीप्रमाणे परत करत होती: केबल एक, पाना एक, मापनपेटी एक. शेवटी तिने टेबलावरचा एक छोटा स्पीकर उचलला.

“हा यादीत नाही,” कारकून म्हणाला.

“माझाच आहे. परतणाऱ्या तरंगाला आवाज दिला होता मी. जास्त परतला की गुणगुण वाढते, जुळलं की शांत. पडद्याकडे बघत बसलं तर हात मागे पडतो.”

“अप्रमाणित उपकरण,” डॉ. मोघे मला हळूच म्हणाले. ते हसले, आणि मीही हसलो. ते हसू मला अजून आठवते.

चाचणी सुरळीत पार पडली. कंपनीने आणलेला प्रमाण ठोकळा कक्षात ठेवला, मोटरने खुंट्या आधीच ठरलेल्या जागेवर बसवल्या, ठिपका केंद्रात आला आणि तिथेच राहिला. चाळीस वेळा. गोठलेल्या नमुन्यावरची चाचणी नियमात होती. ती ‘समतुल्य’ मानून वगळण्यात आली. तो ठराव मोघ्यांनी मांडला. अनुमोदन माझे.

दुपारी रुकय्या म्हणाली, “सर, इथवर आलाय तर आमच्या दुकानात चहा घेऊन जा. अब्बांना माणसं आवडतात. आजकाल फार कुणी येत नाही.”

दस्तगीरचाचा सत्तरीचे होते. चौदा महिन्यांपासून आठवड्यात तीन दिवस डायलिसिस चालू होते, आणि उरलेले चार दिवस तंबोरे. मांडीवर तंबोरा आडवा घेऊन ते घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस चालवत होते. तार आणि घोडी यांच्या मध्ये केसाएवढी जागा साधली की सूर उघडतो, त्याला जवारी काढणे म्हणतात. शेजारी एक मोठा भोपळा तोंड उघडा ठेवून पडला होता. त्याच्या आत, तळाशी, एक कागद चिकटवलेला दिसला.

“चिठ्ठी,” चाचा म्हणाले. “वरची लाकडी तबली बसवायच्या आधी लावायची. आमच्या घराची रीत आहे. आपलं नाव लिहायचं, गाव लिहायचं, आणि भोपळ्यात काय खोट आहे ते लिहायचं. याला देठाजवळ बारीक चीर होती. भरली, पण लिहिली.”

“पण गिऱ्हाइकाला ती दिसणारच नाही,” मी म्हणालो.

“गिऱ्हाइकाला कशाला दिसायला पाहिजे? चाळीस वर्षांनी हा कुणीतरी दुरुस्तीला उघडील. जो उघडील तो आपल्यातलाच ना? त्याला फसवून काय मिळवायचं?” मग लेकीकडे मान वळवून म्हणाले, “काय म्हणते तुझी पेटी? झाली पास?”

“चाळीसपैकी चाळीस, अब्बा. काहीच परत आलं नाही.”

“काहीच नाही?”

“शून्य.”

चाचांनी कानस खाली ठेवली. “आणि मग ती पेटी बघत काय होती?”

“म्हणजे?”

“अगं, मी तार छेडतो, काही चुकलं तर कानाला लागतं, मग हात चालतो. तुमच्या पेटीच्या कानाला काही लागलंच नाही. मग तिला जवारी येते की नाही, तुम्हाला कळलं कसं?”

“अब्बा, तुमची तार वेगळी, आमचा तरंग वेगळा,” रुकय्या हसून म्हणाली, आणि मी चहाचा दुसरा कप घेतला. विद्युतचुंबकीय क्षेत्रांवर दोन ग्रंथ लिहिलेल्या माणसाने एका कारागिराचा प्रश्न ऐकला आणि बिस्किट बुडवले. इतिहासात याहून मोठा मूर्खपणा नोंदलेला आहे; पण तो करणारे निदान राजे होते.

पाच आठवड्यांनी पेढीत दस्तगीरचाचांशी जुळणारे मूत्रपिंड निघाले. क्रमांक अठ्ठावन्न. असे दुसरे मिळायला कदाचित दोन वर्षे लागली असती, आणि डॉक्टरांच्या हिशेबाने चाचांकडे तितका वेळ नव्हता. स्वयंचलित यंत्रणेचे हे पहिले खरे काम, म्हणून साक्षीदार या नात्याने मला बोलावले होते. सकाळी दहा वाजता चाचांना शस्त्रक्रियागृहात नेले. अकराला दहा मिनिटे असताना अठ्ठावन्न क्रमांक थंड कक्षात ठेवला गेला. कक्षातली थंडी वीस मिनिटे टिकते. तेवढ्यात उष्मन सुरू व्हायला हवे. एकदा बाहेर काढलेली काच परत साठवणीत नेता येत नाही, ती तडकतेच.

तेवढ्यात नियंत्रणकक्षाचे दार उघडले. रुकय्या उभी होती. तिच्या हातात पत्र्याची एक छोटी डबी होती.

“रुकय्याबाई, आज तुम्ही नातेवाईक आहात,” मोघे म्हणाले. “नातेवाइकांची खोली खाली आहे.”

“खालीच होते सर. घरची किल्ली शोधताना पिशवीत ही डबी सापडली. यात माझा अ‍ॅडाप्टर असतो. पितळेचा, अडीच सेंटिमीटर.” तिने डबी उघडून दाखवली. “रिकामी आहे. तो कक्षाच्या तोंडावर राहिलाय.”

“कसला अ‍ॅडाप्टर? यादीत असं काही नाही.”

“कसा असेल? तो मी अब्बांच्या लेथवर काढलाय. केबल रोज जोडून-सोडून कक्षाच्या तोंडाचे आटे झिजतात, ते झिजू नयेत म्हणून तो मध्ये लावायचा. मापन करायच्या दिवशी काढून डबीत ठेवायचा. शेवटच्या दिवशी काढायचा राहिला. चूक माझी.”

कंपनीच्या माणसांनी मोजणीचा शून्यबिंदू केबलच्या टोकाशी धरला होता आणि मग ते टोक, वर न पाहता, या पितळी तुकड्यावर पिळले होते. म्हणजे यंत्राच्या समजुतीतला उंबरा आणि खरा उंबरा यांत अडीच सेंटिमीटरचे अंतर होते. तरंगलांबी सुमारे सव्वाबारा सेंटिमीटर. जाऊन-येऊन पाच. वर्तुळावर एकशे सत्तेचाळीस अंश. किती परतले हे यंत्राला बरोबर दिसणार होते. कोणत्या दिशेने सुधारायचे, हे जवळजवळ उलटे.

“पण चाचण्यांत ठिपका केंद्रात होता,” मोघे म्हणाले. “चाळीसही वेळा. वझे सर, तुम्हीच होता.”

“केंद्राला दिशा नसते,” मी म्हणालो. “वर्तुळ कितीही फिरवा, केंद्र तिथेच राहते. आपण चाळीस वेळा असा ठोकळा तपासला, ज्याला सुधारण्यासारखे काही नव्हते.”

“मग काढून टाका तो तुकडा!”

“आता नाही काढता येत,” रुकय्या म्हणाली. “कक्ष थंड झालाय. सांधा उघडला की दमट हवा आत जाणार, तोंडावर हिम धरणार. मग कुणाच्याच हाताला काही लागणार नाही.”

मोघ्यांनी कपाळावरचा घाम पुसला. ते वाईट मनुष्य नाहीत. त्यांनी फक्त एका प्रमाणपत्राभोवती आपली कारकीर्द बांधली होती, आणि अशी माणसे भिंत पडू लागली की आधी तसबीर सांभाळतात. “हा सगळा तर्क आहे,” ते म्हणाले. “सीलबंद, प्रमाणित यंत्रणा मी एका नातेवाइकाच्या भीतीपोटी बंद करू? उद्या चौकशी झाली तर?”

“मोटरला एकदा चुकवून बघा ना, सर,” रुकय्या मला म्हणाली. “अगदी किंचित शक्ती ठेवा, मूत्रपिंडाला कळणारसुद्धा नाही. मधली खुंटी पाव फेरा हलवते. यंत्र तिला परत जागेवर आणतंय का, एवढंच बघू.”

गोठलेल्या नमुन्यावर हेच दिसले असते; ती चाचणी नियमात होती. ती मी वगळली होती.

“करा,” मी म्हणालो. “माझ्या जबाबदारीवर.”

तिने खुंटी हलवली. ठिपका केंद्रापासून नखभर सरकला. यंत्राने ते पाहिले, अत्यंत तत्परतेने हिशेब केला, मोटर फिरली आणि ठिपका कडेकडे निघाला. यंत्राने पुन्हा सुधारणा केली. ठिपका आणखी वेगाने कडेला गेला. आठ सेकंदांत तो वर्तुळाच्या काठाला चिकटला. याचा अर्थ, पाठवलेला जवळजवळ सगळा तरंग माघारी येत होता. पडद्याच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत लिहिलेले होते: ‘यंत्रणा कार्यरत’.

भिंतीवरच्या इंटरकॉममधून शस्त्रक्रियागृहातला आवाज आला. प्रत्यारोपण करणाऱ्या डॉ. सुनेत्रा आवटी बोलत होत्या. “काय चाललंय तिकडं? माझा पेशंट टेबलावर आहे.”

मी दोन वाक्यांत सांगितले.

“हाताने करणारी आहे ना तिथं? मग वाट कसली बघताय?”

“त्या रुग्णाच्या कन्या आहेत, मॅडम. शिवाय सेवेत नाहीत. नियमाने...”

“मोघे, मला मूत्रपिंड पाहिजे. नियम तुम्ही फ्रेम करून ठेवा.”

नऊ मिनिटे उरली होती. रुकय्याने मोटरचा क्लच सोडवला, खुंट्या मूळ खुणेवर आणल्या, बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि तीन खुंट्यांसमोर स्टूलवर बसली. मग तिने टेबलाकडे पाहिले.

“स्पीकर घरी आहे,” ती म्हणाली.

“मी आकडे वाचतो,” मी म्हणालो.

“आकडा ऐकून, समजून घेऊन हात हलवेपर्यंत दोन सेकंद जातात. तेवढ्यात काच तडकेल.” “सर, तुम्ही गा.”

“काय?”

“ठिपका लांब गेला की आवाज चढवा, जवळ आला की उतरवा, केंद्रात आला की गप्प. मला शब्द नकोत.”

“रुकय्याबाई, मला सुराचे काही ज्ञान नाही.”

“बेसूर चालेल सर. खोटं चालणार नाही.”

अशा रीतीने, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, शासननियुक्त तज्ज्ञ सदस्य एका पडद्यासमोर उभा राहून गुणगुणू लागला. शक्ती सुरू झाली. पहिली वीस सेकंदे ठिपका जागेवरून हलेना, काच अजून पारदर्शक होती. मग तो एकदम उजवीकडे उसळला. मी ओरडलो असेन, कारण मोघे दचकले. तिची बोटे खुंटीवर इतकी थोडी हलली, की मला ती हललीच नाहीत असे वाटले. ठिपका परतला. मी उतरलो. तो वर निघाला, मी चढलो. तिने डोळे मिटले होते. दोन हात, तीन खुंट्या, आणि मधलीला अंगठा. चाळीस सेकंदे. पन्नास. माझा श्वास पुरेना, तरी मी थांबलो नाही. माझ्या सबंध आयुष्यात माझ्या तोंडून इतका वेळ सलग खरे कधी निघाले नव्हते. सत्तराव्या सेकंदाला मूत्रपिंड वितळू लागले, ठिपका वेड्यासारखा फिरला, मी कुठल्या तरी सप्तकात फाटलो. आणि मग तो आत, आणखी आत आला, आणि शहाऐंशीव्या सेकंदाला मी गप्प झालो. खोलीत कसलाही आवाज उरला नाही.

तापमापकांच्या सहाही तारांवर एकच आकडा होता: चार अंश.

ती उठली, माझ्या हातातून बांगड्या घेतल्या आणि म्हणाली, “सर, तुम्ही जरा पंचमाकडे जास्त ओढता.”

दुपारी दोनच्या सुमारास डॉ. आवटी बाहेर आल्या. मूत्रपिंड गुलाबी झाले होते आणि टेबलावरच त्याने मूत्र तयार करायला सुरुवात केली होती. रुकय्या तेव्हा कुठे रडली. भिंतीकडे तोंड करून, थोडा वेळच.

चार दिवसांनी मोघ्यांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावले. त्यांच्यापुढे अहवालाचा मसुदा होता.

“तुमच्या त्या तुकड्याचा उल्लेख मी करत नाही,” ते तिला म्हणाले, आणि त्यात खरेच काही दया होती. “बिनपरवानगी वस्तू यंत्राला लावणं, ती काढायला विसरणं... हे बाहेर गेलं तर कुठलीही पेढी तुम्हाला घेणार नाही. तेव्हा ते नको. उष्मन यंत्रणेच्या देखरेखीखाली यशस्वी झालं, एवढंच राहू दे. दोन्ही बाजूंनी बरं.”

“नाही सर.”

“नाही म्हणजे?”

“चूक माझ्या नावावर लिहा. पूर्ण लिहा, अडीच सेंटिमीटर. मग हातही माझ्याच नावावर लिहावा लागेल.”

“अहो, पण तुमचंच नुकसान आहे यात!”

“आहे ना,” ती म्हणाली. “पण पुढं कुणीतरी हे उघडणार. त्याला काय सांगायचं, पेटीनंच केलं? मग तो पेटीवर विसंबेल. आणि त्याच्याकडं गाणारे सर असतीलच असं नाही.”

अहवाल दोन महिन्यांनी आला. चार पाने, गुळगुळीत कागद. त्यात अ‍ॅडाप्टर नाही, रुकय्या नाही, चूक नाही आणि हात नाही. मी सही नाकारली. माझ्या नावापुढे छापले आहे: ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे अनुपस्थित’. माझी प्रकृती उत्तम होती. घसा तेवढा बसला होता.

अहवालात नसलेला अ‍ॅडाप्टर काढायला मात्र पेढीला तिलाच बोलवावे लागले, कारण जी वस्तू नाहीच ती कशी काढायची हे कुणालाच ठाऊक नव्हते. ती म्हणाली, “सर, येता?” मी गेलो. वाटेत तिने सांगितले, की शुद्धीवर आल्यावर चाचांनी पहिला प्रश्न विचारला तो स्वतःबद्दल नव्हता. “चिठ्ठी लावलीस का?” असे ते म्हणाले होते.

तिने कक्षाच्या मागचा पत्रा उघडला, सांधा सोडवला, पितळेचा तो तुकडा फुंकर मारून पुसला आणि डबीत ठेवला. मग पर्समधून एक कागद काढून पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवला. शाईच्या पेनाने, ठसठशीत अक्षरांत लिहिलेला:

‘या पेटीच्या तोंडावर माझा अडीच सेंटिमीटरचा अ‍ॅडाप्टर राहिला होता, म्हणून पेटी उलट सुधारत होती. जुळलेल्या ठोकळ्यावर हे दिसत नाही. आधी खुंटी पाव फेरा चुकवून बघावी. क्रमांक अठ्ठावन्न हाताने केले. रुकय्या दस्तगीर सतारमेकर, मिरज.’

मी तो दोनदा वाचला. आयुष्यभर मी शोधनिबंध तपासले. प्रयोग, दोष, उपाय आणि कर्ता इतक्या कमी शब्दांत सांगणारा एकही माझ्या हाताखालून गेला नाही. खाली थोडी कोरी जागा होती.

“पेन देता?” मी विचारले.

तिने पेन दिले, आणि मी लिहीत असताना दुसरीकडे पाहत राहिली.

‘चाळीस वेळा काहीच परत आले नाही, आणि यंत्र नेमके कशाकडे पाहते आहे, हे मी विचारले नाही. ते एका तंबोऱ्याच्या कारागिराने विचारले होते. मी तेव्हा चहा घेत होतो. थंड चाचणी वगळण्यास अनुमोदन माझे. गणेश विष्णू वझे, पुणे.’

‘तज्ज्ञ सदस्य’ असे लिहिण्यासाठी हात पुढे झाला होता. तो मी आवरला.

रुकय्याने शाईवर फुंकर घातली, वाळल्याची खात्री केली, पत्रा जागेवर बसवला आणि चारही स्क्रू एकेक करून घट्ट पिळले.